मनात येतं

जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं असताना मालिनीबाईंच्या मनात आलं, हिला आत्ता सोडलं तर?

उर्वी त्यांच्या छातीशी होती. पाच महिन्यांची, नुकतीच दूध पिऊन सुस्तावलेली, नातीच्या जावळाचा कोमट वास त्यांच्या हनुवटीखाली दरवळत होता. खाली लाकडी पायऱ्या, त्याखाली दाराशी काढून ठेवलेले बूट, आणि दुपारचं स्वच्छ, निर्जीव ऊन. भांडण नव्हतं, राग नव्हता, कुणी काही बोललं नव्हतं. आणि तरी ते वाक्य आलं. त्यांच्याच आवाजात आलं, भाजीला मीठ घातलं की नाही असं मनाशी म्हणावं तितक्या सहज आलं. मग डोळ्यांसमोर ते घडलंसुद्धा. दुपटं उलगडत खाली गेलं, आवाज झाला. मालिनीबाई मटकन पायरीवर बसल्या. त्यांनी उर्वीला इतकं आवळलं की ती रडायला लागली, आणि त्या रडण्याने त्यांना बरंच वाटलं, कारण रडतेय म्हणजे आहे. त्या बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली सरकत उतरल्या, पोरीला पाळण्यात ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. आपले हात आपल्यापासून कुठेतरी लांब ठेवता आले असते तर त्यांनी ठेवले असते.

त्या दिवसापासून घर बदललं. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमधलं मुलाचं हे उभट, तीन मजली घर त्यांना आल्या दिवशी आवडलं होतं. आता त्यात नुसते जिने उरले. जिने, खिडक्या, गॅसवरचं गरम पाणी, सुऱ्या. कांदा चिरताना पाळण्याकडे पाठ करून उभं राहायचं की तोंड करून, हेही ठरवता येईना. पाठ केली तर वाटायचं, आपण मागे वळलो तर? तोंड केलं तर सुरी आणि पोर एकाच नजरेत यायच्या. शेवटी त्यांनी सुऱ्या उचलून पुसायच्या फडक्यांखाली दडवल्या. "आई, मोठी सुरी कुठे गेली?" सुनेने, वल्लरीने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "असेल इथेच कुठेतरी." उर्वीला वर न्यायचं असलं की गुडघ्यांचं कारण पुढे करायच्या. गुडघ्याला मलम आलं, पट्टा आला. मुलगा, शार्दूल म्हणाला, "आई, पट्टा लावत जा ना, यार. इतका रिसर्च करून मागवलाय." त्या निमूटपणे पट्टा लावत, आणि धडधाकट गुडघ्यावर तो दिवसभर करकचत राही.

वल्लरीची बाळंतपणाची सुट्टी संपत आली होती. मालिनीबाईंना बोलावलं होतं ते त्यासाठीच. यजमान, एकनाथराव गेल्यानंतर सांगलीचं घर बंद करून त्या आल्या तेव्हा शार्दूल विमानतळावर म्हणाला होता, "आता उर्वी तुझ्या हवाली, आम्ही निवांत." हवाली. आता हा शब्द आठवला की त्या पाळण्यापासून दोन पावलं मागे सरकत. त्या खिडकीतून बाहेर पाहत. समोर रस्त्यापलीकडे त्या लांबलचक, बिनखिडक्यांच्या इमारती होत्या, जिथल्या एकीत शार्दूल काम करायचा. आत माणसं जवळजवळ नसतात, नुसती यंत्रं असतात आणि ती थंड ठेवावी लागतात, असं त्याने सांगितलं होतं. त्या इमारतींची घरघर दिवसभर ऐकू यायची. मालिनीबाईंना वाटायचं, आपल्याही डोक्यात असंच काहीतरी चालू असतं, आत माणूस नसताना.

सांगायचं कुणाला? सांगायचा विचार आला की सुचित्रा आठवायची. सांगलीच्या पाटबंधारे वसाहतीत शेजारच्या घरात राहायची. पहिलटकरीण, दात जरासे पुढे, हसली की तोंडावर पदर घ्यायची. मालिनीबाई तेव्हा त्याच खात्यात टंकलेखक होत्या, शार्दूल पाळण्यात होता. एका दुपारी चार बायकांत बसलेली असताना सुचित्रा म्हणाली, "बाळाला घेऊन विहिरीकडे गेले ना, की मला कसंतरी होतं." एवढंच. त्या 'कसंतरी'चा अर्थ कुणी विचारला नाही. दिवेलागणीपर्यंत ते वसाहतभर झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ रिक्षा घेऊन आला. बाळ सासूने ठेवून घेतलं. रिक्षात बसताना सुचित्रा रडत नव्हती, बाळाकडे बघतही नव्हती. ती आपल्या हातांकडे बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे असून तिला सांभाळायला दिलेत. ती परत आलीच नाही. मालिनीबाईंना तेव्हा तिची दया आली होती आणि थोडी किळसही. आता त्यांना कळत होतं ती हातांकडे का बघत होती.

जेवण सुटलं, झोप सुटली, ब्लाउज खांद्यांवरून ओघळायला लागले. तेव्हा शार्दूल त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर भला माणूस होता. तो शार्दूलकडे बघून विचारायचा आणि शार्दूल त्यांच्याकडे वळायचा. एका प्रश्नाशी डॉक्टर थांबला, स्वर खाली आणून सावकाश काहीतरी म्हणाला. मालिनीबाईंनी नोकरीभर इंग्रजी मजकूर टंकले होते. बोलता येत नव्हतं, पण शब्द ओळखीचे होते. त्यांना 'हार्म' ऐकू आलं, 'युअरसेल्फ' ऐकू आलं, 'एनीवन' ऐकू आलं. शार्दूल त्यांच्याकडे वळला, जरासा हसला आणि म्हणाला, "आई, तुला काही वाईट-साईट विचार येत नाहीत ना गं?"

त्या हसण्यात आणि त्या प्रश्नात होकाराला जागाच नव्हती. तो लहानपणी ताप आल्यावर कपाळाला हात लावू द्यायचा नाही, म्हणायचा, मला काही झालेलं नाही. तोच चेहरा होता. "नाही," त्या म्हणाल्या. "नो," शार्दूल डॉक्टरला म्हणाला, आणि मालिनीबाईंना वाटलं, दोन दारं एकदम बंद झाली, एक मराठीतलं आणि एक इंग्रजीतलं. पण डॉक्टरचं समाधान झालं नसावं. त्याने मनाच्या उपचारांच्या एका दवाखान्याचं नाव दिलं.

तिथली समुपदेशक टेरेसा मेडेरोस नावाची बाई होती. पन्नाशीची, जाड भुवयांची, पायांत साधे कापडी बूट. तिने पहिल्यांदा केलं ते हे, की शार्दूलला बाहेर बसायला सांगितलं. "आई, त्या म्हणतायत की फॅमिलीने इंटरप्रिट करायचं नाही. पॉलिसी आहे. फोनवर दुभाषी देतील," शार्दूल म्हणाला. तो थोडा दुखावला होता. दार लागलं आणि मालिनीबाईंच्या छातीत धडधडायला लागलं. पण त्या धडधडीत एक चोरटी सुटकाही होती. टेरेसाने टेबलावरच्या फोनला 'मराठी' असं दोनदा सांगितलं, वाट पाहिली, मग हताश होऊन मालिनीबाईंकडे बघत म्हणाली, "हिंदी? ओके?" मालिनीबाईंनी मान हलवली. हिंदी त्यांना समजायचं. हिंदी मालिका त्यांनी वर्षानुवर्षं बघितल्या होत्या. पण त्या मालिकांत कुणी असलं काही बोललेलं त्यांना आठवत नव्हतं.

"नमस्ते माँजी," फोनमधला पुरुष म्हणाला. तो घाईत वाटत होता, मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. टेरेसा विचारत होती, तो हिंदीत आणत होता. झोप कशी, भूक कशी. मग टेरेसाने विचारलं की तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. सरळ, साधा प्रश्न. इतक्या आठवड्यांत तो कुणी विचारला नव्हता. आपण आत्ता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मालिनीबाईंना कळलं. सगळं मराठीत तयार होतं, ते वाक्य शेवटच्या 'तर'सकट तयार होतं, पण ते हिंदीत उतरेना. "मेरे मन में आता है," त्या म्हणाल्या, "कि बच्ची को... छोड़ दूँ. ऊपर से."

फोनमधल्या माणसाने उलटून विचारलं, "मतलब आपका मन करता है? ऐसा करने का?"

"हाँ," त्या घाईने म्हणाल्या, कोणीतरी समजून घेतंय म्हणून कृतज्ञ होऊन. "मन में. मन में."

मग फोन इंग्रजीत बोलला, आणि त्या इंग्रजीतला एक शब्द सुटा होऊन मालिनीबाईंच्या अंगावर आला. वॉन्ट्स. शी वॉन्ट्स टु. 'फॉर वॉन्ट ऑफ फंड्स' असं त्यांनी किती मसुद्यांत टंकलं होतं, निधीअभावी काम रखडलं असं. तिथे वॉन्ट म्हणजे नसणं. आणि इथे? इथे वॉन्ट म्हणजे हवं असणं. हिला ते हवंय. टेरेसाच्या जाड भुवया किंचित वर गेल्या, आणि लिहिता लिहिता तिचा हात थांबला. तो थांबलेला हात पाहून मालिनीबाईंना रिक्षा दिसली. "नो," त्या ओरडल्या, "नो वॉन्ट! नो वॉन्ट!" फोन म्हणाला, "माँजी, शांत हो जाइए." त्या शांत झाल्या नाहीत. त्या उठल्या, पुन्हा बसल्या, मराठीत बोलायला लागल्या, की मला नकोय हो ते, मला ते नकोय म्हणून तर मी मरतेय, माझं पोरीवर किती, अहो माझ्या मुलाची मुलगी ती. फोन म्हणाला, "आय कॅनॉट अंडरस्टँड धिस लँग्वेज." टेरेसाने फोन बंद केला, हाताने त्यांना 'एक मिनिट' अशी खूण केली आणि ती बाहेर गेली.

दाराला उभी काच होती. काचेतून टेरेसा दुसऱ्या एका उंच बाईशी बोलताना दिसत होती. उंच बाईने आत पाहिलं. मालिनीबाईंनी हात मांडीखाली घेतले. आता पोलीस येतील. मुलांच्या बाबतीत इथे फार कडक असतं, एका बाईने ओरडून मुलाला दरडावलं तर शेजाऱ्यांनी फोन केला, असं वल्लरीच कुणाशी तरी बोलत होती. उर्वीला घेऊन जातील. मला नाही नेणार, उर्वीलाच नेतील. आईबापांपासून तोडतील, आणि ती कुठल्या तरी परक्या घरात, कुणाच्या तरी छातीशी दूध पिऊन सुस्तावेल. बाहेर शार्दूल फोनमध्ये मान घालून बसला असेल, त्याला अजून काहीच माहीत नसेल. हे सगळं माझ्या तोंडातून गेलेल्या एका वाक्याने होणार. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं, दातांखाली जरीचा काठ खरखरला. पळून जावं असं वाटलं, पण कुठे? रस्ता ओलांडायचा तरी इथे गाडी लागते.

टेरेसा परत आली ती पाण्याचा पेला घेऊन. टेबलापलीकडच्या आपल्या खुर्चीत न बसता तिने दुसरी खुर्ची ओढून मालिनीबाईंच्या शेजारी घेतली. दोघी नुसत्या बसून राहिल्या, भिंतीकडे तोंड करून, बस उशिरा येणार हे माहीत असलेल्या दोन बायकांसारख्या. बराच वेळ गेला. मग फोन वाजला आणि एका बाईचा आवाज म्हणाला, "नमस्कार काकू, मी ज्ञानदा बोलते. तुम्ही जे सांगाल ते मी यांना जसंच्या तसं सांगेन, आणि या म्हणतील ते तुम्हाला. मी त्यात काही घालणार नाही आणि काही गाळणार नाही. हे सगळं आपल्या तिघींतच राहील. फक्त कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर या पुढे सांगू शकतात. चालेल ना?"

बोलण्याचा हेल नागपूरकडचा होता. मालिनीबाई 'चालेल' म्हणायला गेल्या आणि त्यांना रडूच कोसळलं.

"होऊ द्या," ज्ञानदा म्हणाली. "त्या म्हणतायत, घाई नाही."

मग मालिनीबाई बोलल्या. जिन्यापासून सुरू केलं. सुऱ्या, गरम पाणी, गुडघ्याचा पट्टा. मध्ये मध्ये थांबत, कारण ज्ञानदा इंग्रजीत सांगत असायची, आणि आपलंच बोलणं दुसऱ्या भाषेत जाताना ऐकून त्यांना ते थोडं कमी भयानक वाटायला लागलं होतं. "माझ्या हातून ती सुटेल की काय, असं सारखं मनात येतं," त्या म्हणाल्या.

ज्ञानदाने ते लगेच इंग्रजीत नेलं नाही. "काकू, हे नीट सांगता यावं म्हणून विचारते. मनात येतं म्हणजे तुम्हाला तसं करावंसं वाटतं, की नको असताना तो विचार आत घुसतो?"

"घुसतो," मालिनीबाई म्हणाल्या. "मागच्या दाराने घुसतो. मी हाकलते, तो पुन्हा येतो. मला करायचं नाहीये काही. मी काही करेन की काय, याचीच मला भीती वाटते."

"आणि विचार आला की तुम्ही काय करता?"

"बसते. घट्ट धरते. मग तिला खाली ठेवते आणि लांब जाऊन उभी राहते."

टेरेसाने लिहिणं थांबवलं होतं, पण आता तो थांबलेला हात वेगळा होता. तिने आणखीही बरंच विचारलं, काहीही आडपडदा न ठेवता. स्वतःला संपवावंसं वाटतं का, असंही विचारलं, आणि ज्ञानदाने ते तसंच्या तसं विचारलं. मालिनीबाईंनी विचार करून उत्तर दिलं, "मरावंसं नाही वाटत. सांगलीला जावंसं वाटतं. पण तिथे आता कुणी नाही." मग टेरेसा सावकाश बोलली. तिने एक इंग्रजी नाव सांगितलं, ज्ञानदा म्हणाली, "नको असताना घुसणारे विचार, असं म्हणता येईल. त्या म्हणतात, हा आजार आहे, पुष्कळ जणांना होतो, आणि त्याच्यावर उपाय आहे. विचार आला म्हणजे तशी इच्छा आहे असं नव्हे. तुम्ही तिच्यापासून लांब जाता ते तिला जपायलाच."

मालिनीबाईंनी टेरेसाकडे बघितलं. "यांना कसं कळलं, की मघाचं चुकलं होतं?"

टेरेसा थोडी हसली आणि आपल्या आईबद्दल सांगायला लागली. पोर्तुगालच्या बेटांवरून त्यांचं कुटुंब मॅसॅच्युसेट्सला आलं होतं. आई मासे साफ करायच्या कारखान्यात होती, तिला इंग्रजी कधीच आलं नाही. आई डॉक्टरला म्हणायची, मला 'आगोनियाश' होतात. डॉक्टरच्या शेजारी उभी राहून लहानगी टेरेसा त्याचं इंग्रजी करायची. तिला एवढंच माहीत होतं, की आई तो शब्द म्हणताना छातीवर हात ठेवते, म्हणून ती सांगायची, आईला छातीत जळजळतं. "दुखणं जिवाच्या घालमेलीचं होतं, आणि त्यांची आई पित्ताची औषधं घेत राहिली," ज्ञानदा म्हणाली, आणि तिचा स्वर जरा हलला. "त्या म्हणतात, तुम्ही 'नो वॉन्ट' म्हणून ओरडलात, तो चेहरा त्यांनी आधी पाहिलेला आहे."

निघताना टेरेसाने सुचवलं, की मुलाला आत बोलावू, ज्ञानदा फोनवर आहेच, आपण मिळून सांगू. मालिनीबाई ताठ झाल्या. "माझ्या मुलाशी बोलायला मला दुभाषी कशाला?" त्या म्हणाल्या.

पण गाडीत बसल्यावर तोंडच उघडेना. शार्दूल म्हणाला, "काय म्हणाल्या? सगळं ओके ना?" मग त्यांना बोलायला वेळ न देता, "स्ट्रेस असेल गं. नवी जागा, एकटेपणा, बाबांचं. वल्लरी म्हणते तुला मराठी मंडळात घेऊन जाऊ." तो चांगलं बोलत होता. त्याचं मराठी असंच झालं होतं, जेवलीस का, बरी आहेस का, काळजी करू नको. दूधवाल्याशी आणि आईशी बोलण्यापुरतं. उरलेला सगळा शार्दूल इंग्रजीत राहायला गेला होता. मालिनीबाईंना वाटलं, जिवाची भाषा जिच्यात असायला हवी तीच इतकी आखूड झाली असेल तर मी हे कशात गुंडाळून देऊ? "गाडी बाजूला घे," त्या म्हणाल्या. त्याने त्या बिनखिडक्यांच्या इमारतींच्या कडेला गाडी उभी केली. त्या समोर बघत बोलल्या. एकही शब्द मऊ केला नाही. जिना, सोडलं तर, सुऱ्या.

शार्दूलने दोन्ही हात चाकावर ठेवले होते. तो म्हणाला, "व्हॉट डू यू मीन?" आईला. इंग्रजीत. मग त्याच्याही ते लक्षात आलं आणि त्याचा चेहरा पोरका झाला.

वल्लरीने ऐकलं, उर्वीला उचललं, वर गेली आणि दार लावून घेतलं. पुढचे काही दिवस तिने पोरीला खाली आणलं ते स्वतःच्या कडेवरच. नवराबायको इंग्रजीत कुजबुजायचे. एका संध्याकाळी मालिनीबाई त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्याबद्दल बोलताय ना? मग मराठीत बोला. काय वाईट असेल ते बोला, पण मला कळेल असं बोला."

वल्लरी रडत होती. "मी खोटं बोलणार नाही, आई," ती म्हणाली. "मला भीती वाटते. तुम्ही काय सांगता ते डोक्याला कळतं, पण हात तिला सोडत नाहीत."

"मलाही भीतीच वाटते," मालिनीबाई म्हणाल्या. आणि त्यांना नवल वाटलं, की या घरात इतक्या महिन्यांत त्या दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

वल्लरीने सुट्टी वाढवून घेतली. ती त्यांच्याबरोबर टेरेसाकडे आली आणि ज्ञानदाच्या तोंडून तिने सगळे प्रश्न विचारले, अगदी जे सासूसमोर विचारू नयेत तेही. टेरेसा म्हणाली, लांब ठेवून हा विचार जात नाही, तो आणखी फुगतो. जवळ जायचं, विचार येऊ द्यायचा, आणि हातातलं काम चालू ठेवायचं. ऐकायला सोपं होतं. मालिनीबाईंना ते विहिरीच्या काठावर बसून भाजी निवडण्यासारखं वाटलं.

त्या शनिवारी सकाळी वल्लरीने न्हाणीघरात टबात कोमट पाणी काढलं. तिने उर्वीचे कपडे उतरवले, क्षणभर तिला तशीच धरून राहिली, आणि मग सासूच्या हातांत दिली. स्वतः दाराला टेकून जमिनीवर बसली, गुडघे छातीशी घेऊन. मालिनीबाईंनी पोरीची मान डाव्या तळव्यावर घेतली. अंग निसरडं होतं. पाणी खोल नव्हतं, पण पाणी होतं. त्यांनी चुळकाभर पाणी पोटावर घातलं आणि उर्वीने पाय झाडले.

"आला," मालिनीबाई म्हणाल्या.

"काय?"

"विचार."

वल्लरी अर्धी उठली. भिंतीला हात लावून तशीच थांबली. तिचा श्वास मालिनीबाईंना ऐकू येत होता. त्यांनी डोळे मिटले नाहीत. उर्वीच्या मानेच्या वळीत साबण साचला होता. तो त्यांनी बोटाने हलकेच काढला, मग काखेतला, मग बोटांच्या बेचक्यांतला. छाती धडधडत राहिली आणि पोर त्यांच्या तळव्यावर डोकं टाकून छताकडे बघत राहिली.

"मग?" वल्लरीने हळूच विचारलं.

"मग काही नाही," मालिनीबाई म्हणाल्या. "पाणी गार होतंय. टॉवेल दे."